स्कूबाचा कोर्स निवडताना आधी तलाव बघा

गंगापूर रोडवरून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या 39 वर्षांच्या, यजमान 46 चे आणि बीपीची गोळी रोजची, मुलगी 13 वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिघांनी मालवणला स्कूबा केलं, तिथं छापील सर्टिफिकेटही मिळालं. आता डिसेंबरच्या सुट्टीत रीतसर शिकायचं आहे. तीन ठिकाणांहून माणशी आकडे आले आहेत: नाशिकमध्येच ‘शनिवार-रविवारात पूर्ण कोर्स’ 9,500 रुपये, कोकणात चार दिवसांचे 24,000, अंदमानात चार दिवसांचे 32,000. त्या लिहितात, ‘मला तलावाची एक फेरी कशीबशी जमते. यांना चांगलं पोहता येतं. मालवणचं सर्टिफिकेट पुढे धरतात का? आणि या तिघांतलं कोणतं घ्यावं?’

ताई, आधी सर्टिफिकेटचं सांगून टाकतो. ते पुढे धरत नाहीत. तुम्ही केला तो ‘ट्राय डाइव्ह’. त्यात मागून एक जण तुमची टाकी धरून असतो, तरंगण्यासाठी घातलेल्या जॅकेटमधली हवा तोच भरतो आणि सोडतो, खाली-वर तोच नेतो. तुम्ही तोंडाने श्वास घ्यायचा आणि बघायचं. अनुभव म्हणून तो छानच, पण त्यात शिकवण्याचा भाग जवळजवळ नसतो. त्या कागदावर तुम्हाला कुठलंच केंद्र सिलिंडर देणार नाही.

तुम्हाला हवा आहे तो ‘ओपन वॉटर डायव्हर’ हा कोर्स. तो पूर्ण केलेला माणूस आपल्यासारख्याच कार्डधारक जोडीदाराबरोबर, इन्स्ट्रक्टर सोबत नसतानाही, 18 मीटरपर्यंत उतरू शकतो. पॅडी, एसएसआय, नौई, सीमास या असं कार्ड देणाऱ्या नावाजलेल्या संस्था. पॅडी घ्यावं की एसएसआय, यावर लोक फार डोकं खपवतात. त्यात वेळ घालवू नका. दोघांचा अभ्यासक्रम थोड्याफार फरकाने एकच आहे आणि एकाचं कार्ड दुसऱ्याच्या केंद्रावर चालतं. फरक पडतो तो शिकवणाऱ्या माणसाने आणि त्याने तुम्हाला तलावात किती तास दिले त्याने.

आता त्या 9,500 च्या कोर्सकडे बघा. पॅडीच्या नियमांत ओपन वॉटरचे तीन भाग आहेत: थिअरीचे पाच धडे आणि परीक्षा, तलावातले किंवा तलावासारख्या शांत पाण्यातले पाच धडे, आणि उघड्या पाण्यातले चार डाइव्ह. हे चार डाइव्ह एका दिवसात उरकता येत नाहीत, दिवसाला जास्तीत जास्त तीनच. म्हणजे नुसत्या डाइव्हनाच दोन दिवस हवेत. त्याआधी तलावाचे पाच धडे नीट शिकवायचे तर नवख्या माणसाला दीड-दोन दिवस सहज जातात. नाशिकला समुद्र नाही. मग शनिवार-रविवारात ‘पूर्ण’ होतं ते काय? बहुधा तलावातला अनुभव आणि एक कागद. कुणी धरणात डाइव्ह करून घेतो म्हणाला तर आणखी सावध राहा. समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या वरचं पाणी डायव्हिंगमध्ये ‘उंचीवरचं’ धरतात, तिथं खोलीचा आणि वेळेचा हिशेब वेगळा करावा लागतो. नाशिक साधारण 600 मीटरवर आहे. शिवाय धरणाच्या गढूळ पाण्यात पहिल्याच डाइव्हला इन्स्ट्रक्टरचा हात दिसेनासा झाला की नवखा माणूस घाबरतो आणि वर धाव घेतो. नेमकं तेच या खेळात करायचं नसतं.

तरी त्या नाशिकच्या माणसाला लगेच बाद करू नका. त्याला इन्स्ट्रक्टर नंबर विचारा. पॅडीसारख्या संस्थांच्या संकेतस्थळावर तो टाकून बघता येतो: नाव जुळतं का, आणि या वर्षी त्याला शिकवण्याची परवानगी चालू आहे का. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. ‘डाइव्हमास्टर’ ही पातळी इन्स्ट्रक्टरच्या खालची. डाइव्हमास्टर मदतीला असू शकतो, त्याला ओपन वॉटरचा कोर्स स्वतःच्या नावावर शिकवता येत नाही. नंबर खरा निघाला तर त्याच्याकडून थिअरी आणि तलावाचे पाच धडे घ्या आणि चार डाइव्हसाठी ‘रेफरल’चा कागद मागा. रेफरल म्हणजे अर्धा कोर्स एकीकडे, उरलेला दुसरीकडे. पॅडीचा रेफरल शेवटचा धडा झाल्यापासून 12 महिने चालतो. नंबर खरा नसेल तर हाच तलावाचा भाग पुणे-मुंबईच्या केंद्रात दोन रविवारी उरकता येतो.

आमचं मत विचाराल तर तुम्ही रेफरलच करावं. तुमच्यासारख्या, पाण्याची थोडी धास्ती असलेल्या माणसाने तलावातली कसरत सुट्टीत, समुद्रकिनारी, चार दिवसांच्या घाईत शिकू नये. पहिल्याच दिवशी एक गोष्ट अडली की पुढचे तीन दिवस त्या दडपणाखाली जातात. घराजवळ अडली तर पुढच्या रविवारी परत करता येते.

अडते ती बहुतेक वेळा एकच गोष्ट: मास्कमध्ये आलेलं पाणी काढणं. नाकापाशी पाणी लागलं की शरीर आपोआप श्वास रोखतं, नाहीतर नाकातून ओढतं. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र असतं, हवा भरपूर असते, तरी माणूस गुदमरल्यासारखा होतो. याची तयारी टाकीशिवायही होते. तलावाच्या उथळ बाजूला उभं राहा, तोंडात स्नॉर्कल (पाण्याबाहेरची हवा घ्यायची नळी), डोळ्यांवर मास्क नाही, चेहरा पाण्यात. नाक उघडंच. दोन मिनिटं फक्त तोंडाने आत, तोंडाने बाहेर. पहिल्या वेळी दहा सेकंदांत डोकं वर येईल, तसं ते बहुतेकांचं येतं. रोज थोडं केलं की आठवड्याभरात नाक आणि तोंड वेगळं वागायला शिकतात. मग प्रत्यक्ष मास्क रिकामा करणं सोपं जातं: मास्कची वरची कड दोन बोटांनी कपाळाला दाबायची, नजर किंचित वर, आणि नाकातून ‘हंऽऽ’ करत सावकाश, लांब हवा सोडायची. हवा वर साठते आणि पाणी खालच्या कडेने निघून जातं. चुका दोनच होतात. एक, मास्क चेहऱ्यापासून उचलला जातो, मग जेवढं निघालं तेवढं परत आत येतं. दोन, घाबरून हवा नाकाऐवजी तोंडातून सोडली जाते आणि पाणी तसंच राहतं. चांगला इन्स्ट्रक्टर हे आधी चमचाभर पाण्याने, मग अर्ध्या मास्कने, मग पूर्ण मास्क काढून, अशा पायऱ्यांनी करून घेतो. वाईट इन्स्ट्रक्टर एकदा करून घेतो आणि वहीत टिक मारतो.

तलाव कसा हवा? एका टोकाला गुडघ्यांवर बसून डोकं पाण्याखाली जाईल आणि उभं राहिलं की बाहेर येईल इतका उथळ, दुसऱ्या टोकाला अडीच-तीन मीटर तरी खोल. सोसायटीच्या सव्वा मीटरच्या तलावात पाच धडे होत नाहीत. कान मोकळे करणं, तरंगत स्थिर राहणं, वर येण्याचा वेग सांभाळणं यांना खोली लागते. तलाव म्हणून बेफिकीर राहायचं नाही, हेही इथंच शिकवलं गेलं पाहिजे. टाकीतून घेतलेला श्वास छातीत कोंडून दीड मीटरवरून वर आलं, तरी फुफ्फुस फाटू शकतं. म्हणून पहिला आणि शेवटचा नियम: श्वास कधीही रोखायचा नाही.

तुमच्या पोहण्याचं बोलू. पॅडीची अट 200 मीटर सलग पोहण्याची, कुठल्याही पद्धतीने, वेळेची मर्यादा नाही. मास्क, फिन्स (पायात घालायचे पंख) आणि स्नॉर्कल लावून पोहायचं असेल तर 300 मीटर. शिवाय 10 मिनिटं आधाराशिवाय तरंगायचं. 50 मीटरच्या तलावात 200 म्हणजे चार फेऱ्या. त्र्यंबक रोडचा सावरकर तलाव किंवा तुम्हाला जवळ असेल तो पकडा आणि आजपासून आठवड्यातून तीन दिवस जा. दमछाक होते ती ताकद कमी म्हणून नव्हे. डोकं वर धरून पोहलं की कंबर आणि पाय बुडतात आणि सगळी ताकद पाणी ढकलण्यात जाते. चेहरा पाण्यात ठेवून सावकाश ब्रेस्टस्ट्रोक केला तर सहा ते आठ आठवड्यांत चार फेऱ्या होतील. तरंगताना छाती हवेने भरलेली ठेवा, लहान लहान श्वास सोडा. तलावाच्या गोड्या पाण्यात हे समुद्रापेक्षा अवघड असतं, त्यामुळे इथं जमलं तर तिथं जमतंच. कुणी ‘पोहता आलं नाही तरी चालतं’ म्हणून ओपन वॉटरचं कार्ड देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. ट्राय डाइव्हला पोहता आलं नाही तरी चालतं, या कोर्सला नाही.

यजमानांचा प्रश्न बुकिंगच्या आधी सोडवा. प्रत्येक केंद्र एक वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतं. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. दम्याचा त्रास, फिट येणं, हृदयविकार, छातीत हवा साठून फुफ्फुस दबलेलं असणं, कानाची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब, 45 च्या वरचं वय आणि जोडीला इतर जोखीम, असं काही निघालं की डॉक्टरांची सही लागते. बीपी आटोक्यात असेल तर बहुतेकांना परवानगी मिळते, पण ती डॉक्टरांनी द्यायची असते. पाण्यात उतरल्यावर हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो, त्यामुळे बीपीची गोष्ट इथं क्षुल्लक नाही. गोळी बीटा ब्लॉकर प्रकारातली असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण तिने श्रमाच्या वेळी हृदयाची गती हवी तेवढी वाढत नाही. फॉर्म नाशिकमध्येच भरा, आपल्या फिजिशियनकडून ईसीजी वगैरे करून सही-शिक्का घ्या आणि मूळ प्रत बरोबर न्या. बेटावर पोचल्यावर ‘हो’वर टिक केली आणि सही नसली, तर चांगलं केंद्र पाण्यात उतरवणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. खोटं ‘नाही’ लिहायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका.

सर्दीचंही ऐका. डिसेंबरात नाशिकची थंडी, मग विमानाची एसी, आणि तिथं पोचेपर्यंत नाक चोंदलेलं. नाक चोंदलं की कान मोकळे होत नाहीत. समुद्राच्या पृष्ठभागावर दाब एक बार, 10 मीटरवर दोन, 20 वर तीन. सगळ्यात मोठा बदल पहिल्या 10 मीटरमध्ये होतो, तिथंच कान दुखतात. नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं, पाण्याच्या वरच सुरुवात करायची, मग दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायच्या आधी. दुखलं तर एक मीटर वर या आणि परत करा. जोर लावून फुंकू नका, कानाचा पडदा फाटतो. सर्दीची गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खाली ओसरला, तर वर येताना कोंडलेली हवा बाहेर पडत नाही, ते दुखणं आणखी वाईट. म्हणून सुट्टीत एक दिवस राखीव ठेवा.

कोकण की अंदमान? तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने उभी केलेली स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथं प्रशिक्षणाचा स्वतंत्र तलावही आहे. मालवणचे पाणबुडे समुद्र ओळखणारे लोक आहेत. तिथली अडचण पाण्याची: दृश्यता कधी काही मीटरच असते, आणि नवख्याला जोडीदार आणि तळ दिसणं यात मोठा धीर असतो. अंदमानात डिसेंबर ते एप्रिल पाणी नितळ असतं, 27 ते 29 अंश, पातळ वेटसूट पुरतो. स्वराज द्वीपच्या (पूर्वीचं हॅवलॉक) निमो रीफवर किनाऱ्यावरून चालत पाण्यात जाता येतं, बोटीची गरज नाही, त्यामुळे बोट लागून मळमळण्याचा प्रश्न येत नाही. कर्नाटकात मुरुडेश्वरच्या नेत्राणी बेटाचं पाणी चांगलं असतं, पण तिथं बोटीचा पल्ला लांब आहे. तुमच्या घरासाठी अंदमान बरं, तलाव इकडे उरकून. रेफरल असेल तर तिथं दोन-अडीच दिवस पुरतात आणि 32,000 चा आकडाही खाली यायला हवा. तो किती खाली येतो ते आधी लेखी घ्या. त्यात थिअरीची फी, कार्डाची फी, साहित्याचं भाडं, बोट धरलेली आहे का, हे एकेक करून विचारा. स्वस्त दिसणाऱ्या आकड्यांत यातलं काहीतरी वगळलेलं असतं.

केंद्राला आणखी चार प्रश्न फोनवर विचाराच. एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी? पॅडीची कमाल मर्यादा उघड्या पाण्यात आठ आहे, तुम्ही चारच्या वर जाऊ नका, तुम्ही तिघं आणि एक इन्स्ट्रक्टर मिळाला तर उत्तम. ऑक्सिजनचं किट डाइव्हच्या जागी असतं का? भराभर वर आल्याने रक्तात वायूचे बुडबुडे होतात, त्या बुडबुड्यांच्या आजारावर पहिला उपचार शंभर टक्के ऑक्सिजन, तो ऑफिसातल्या कपाटात असून उपयोग नाही. रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे या आजारात रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवायची खोली, कुठे आहे आणि तिथवर कसं नेणार? श्री विजयपुरमला (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) नौदलाच्या ‘धन्वंतरी’ रुग्णालयात आणि मुंबईत ‘अश्विनी’त तो आहे. सगळे पाण्यात असताना बोटीवर कोण थांबतं? मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. बोटीत माणसं किती आणि लाइफ जॅकेट अंगावर आहे की बाकाखाली, हे स्वतः बघा.

तिथं गेल्यावर बघायच्या गोष्टी. टाकीच्या खांद्यावर हायड्रो चाचणीची (पाण्याच्या दाबाने टाकी तपासण्याची) तारीख ठोकलेली असते, ती पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर ती टाकी नको. रेग्युलेटरमधून दोन श्वास घ्या: हवेला ना वास हवा ना चव. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर टाकी भरणारा कॉम्प्रेसर नीट नाही किंवा त्याची हवा ओढायची नळी जनरेटरजवळ आहे. मग टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत चार खोल श्वास घ्या. काटा 200 बारवर स्थिर राहिला पाहिजे. दर श्वासाला काटा खाली पडून परत वर येत असेल तर टाकीची चावी पूर्ण उघडलेली नाही. वर हे जाणवत नाही, खाली गेल्यावर हवा कमी पडते. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि प्रत्येक डाइव्हला करायचं. हवेचा हिशेबही डोक्यात ठेवा. नेहमीच्या 11 लिटरच्या टाकीत 200 बारने 2,200 लिटर हवा मावते. 50 बार राखून ठेवले तर वापरायला 1,650 लिटर. नवखा माणूस वर मिनिटाला 20 लिटर घेतो, 10 मीटरवर 40. म्हणजे साधारण 40 मिनिटं, आणि घाबरला तर त्याच्या निम्मी.

वजनाचं एक: तलावात खाली जायला कमरेला शिशाचं जेवढं वजन लागलं, त्यापेक्षा समुद्रात दोन किलोच्या आसपास जास्त लागतं, कारण खारं पाणी जड. ‘तलावात चार किलो लागलं’ एवढं सांगून वही बंद करू नका, पहिल्या डाइव्हला पुन्हा तपासून घ्या. जॅकेट रिकामं, छातीत साधा श्वास, आणि पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं की वजन बरोबर. डाइव्हच्या शेवटी टाकी हलकी होते म्हणून भरलेल्या टाकीला त्यावर दोन किलो धरा.

विम्याचं पत्रात नाही, तरी लिहितो. आपल्या आरोग्य विम्याच्या ठरावीक अपवादांत स्कूबाचं नाव घेतलेलं असतं. तो अपवाद व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे, पण प्रवास विमा आणि अपघात विम्याची भाषा वेगळी असते. कंपनीकडून ईमेलवर उत्तर घ्या.

मुलीला 13 व्या वर्षी ‘ज्युनिअर ओपन वॉटर’ मिळेल. 15 वर्षांची होईपर्यंत तिला कार्डधारक मोठ्या माणसाबरोबरच उतरता येईल. तिला स्वतःला हवं आहे का, हे तिच्याशी एकटीशी बोलून बघा. नको असेल तर तलावाच्या दुसऱ्या धड्यातच कळतं, आणि तिथं थांबायला हरकत नाही. पाण्यातल्या खुणा तिला आधीच शिकवा, कारण मुलांना फोटोची सवय असते: अंगठा वर म्हणजे ‘मला वर जायचंय’, ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनीचं कडं.

साहित्यात फक्त मास्क स्वतःचा घ्या, तोही आताच. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवून नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडला तरी तो चिकटून राहिला पाहिजे. मुलीला लहान चेहऱ्याचा लागेल. यजमानांना मिशी असेल तर नाकाखालची एक पट्टी बारीक करावी लागेल, तिथूनच पाणी झिरपतं. कुणाला चष्मा असेल तर नंबरची काच बसणारे मास्क मिळतात.

परतीचं तिकीट काढताना हिशेब असा: अनेक दिवस डाइव्ह झाले असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर 18 तास विमानात बसायचं नाही, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि त्याच बुडबुड्यांचा धोका असतो. शेवटचा डाइव्ह सकाळचा ठेवा, दुपारच्या बोटीने श्री विजयपुरमला या, रात्री तिथं राहा आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं विमान घ्या. कधी कोकणात डाइव्ह केलेत तरी हे सोडू नका. कसारा असो की आंबोली, घाट चढला की तुम्ही 600 मीटरच्या आसपास असता. डाइव्ह करून त्याच संध्याकाळी नाशिककडे गाडी काढू नका, रात्र समुद्राकाठीच काढा.